अ‍ॅक्सलमधला भुसा

३ मार्च

ती. बाबांना नमस्कार.

फोनवर तुम्हाला अर्धं ऐकू येतं आणि उरलेलं तुम्ही मनानेच भरता, म्हणून लिहायला बसले. काल रात्री मी ‘अ‍ॅक्सल’ म्हणाले आणि तुम्ही ‘अक्कल’ ऐकलंत. मागे वन्सं हसत होत्या. तसं बघितलं तर तुम्ही फार चुकीचं ऐकलं नव्हतं.

दातांच्या डॉक्टरीणबाई तुम्हाला आठवतील. लाल, दोन दारांची गाडी घेऊन डोंगरचढणीच्या शर्यतीत उतरतात त्या. जानेवारीत सराव करताना त्यांची गाडी फिरली, मागच्या मागे दगडी कठड्यावर आदळली आणि मागच्या दोन चाकांना जोडणारा अ‍ॅक्सल वाकला. तेव्हा मी आईच्या गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी तीन आठवडे माहेरी होते. अख्खा अ‍ॅक्सल नवा मागवून यांनी एकट्याने वर्कशॉपात बसवला. मी परत आले तेव्हा गाडी गेलेली होती.

काल बाई गाडी घेऊन परत आल्या. म्हणाल्या, “उजव्या वळणाला ही शहाण्यासारखी जाते. डाव्या वळणाला वेड लागल्यासारखं करते.”

हे म्हणाले, “टायर गेलेत. टायर बदला.”

टायर फेब्रुवारीतले आहेत, बाबा. नखाने खरवडलं तर अजून नव्या रबराचे केस निघतात. बाई गाडी ठेवून गेल्या तशी मी यांना चालवायला लावली आणि मागून स्कूटरवर गेले. सरळ रस्त्यावर गाडी कुत्रं धावतं तशी, मागचं अंग एका बाजूला टाकून चालत होती.

आज हे सामान आणायला गेले होते. मी गाडी वर घेतली आणि आधी अ‍ॅक्सलचं तेल सोडायला बूच काढलं. काहीच आलं नाही. बोट घातलं तर आत खळीसारखा गोळा. तो ओढला आणि मागून सगळं भसकन माझ्या मनगटावर आलं. गिअरच्या तेलाला सडक्या अंड्याचा वास येतो, त्याची मला सवय आहे. हा वास त्याच्या पलीकडचा होता. सडकं अंडं आणि त्यात कुजलेलं ओलं लाकूड. ट्रेमध्ये बोटांनी चोळून बघितलं. भुसा, बाबा. लाकडाचा भुसा. आतले गिअरचे दाते आवाज करून रडत होते म्हणून कुणीतरी त्यांच्या तोंडात बोळा कोंबला होता.

तीनदा साबण झाला, एकदा रॉकेल झालं, तरी वास जात नाही. दुपारी घास तोंडाशी नेला आणि ताट सरकवलं.

माझा अंदाज असा की पुरवठादाराने यांच्या गळ्यात जुना अ‍ॅक्सल रंग मारून नवा म्हणून मारला, आणि यांनी भरवशावर बसवला. यांना मी अजून काही बोलले नाही. हातात माप आल्याशिवाय तोंड उघडायचं नाही, हे तुम्हीच मला लेथवर उभं केल्याच्या पहिल्या दिवशी सांगितलं होतं. तर आता मापाचंच विचारते. आपल्याकडे जे आहे त्यात अ‍ॅक्सलची नळी सरळ आहे की वाकडी, हे खात्रीने कसं बघू? शर्यत तीस तारखेला आहे.

तुमची सून

७ मार्च

चि. टर्नरबाईला आशीर्वाद.

तुझं पत्र तुझ्या नणंदेने आधी वाचलं, मग मला दिलं. ही तपासणी इथे सगळ्याच गोष्टींची होते. दिवसातून चार वेळा चहा मिळतो आणि पाच वेळा “बाबा, पडाल” असं ऐकायला मिळतं. पडायला जागा तरी कुठे आहे? गॅलरीत कुंड्या, खोलीत मी.

आता माप. गाडी सपाट जमिनीवर, चाकांवर उभी कर, जॅकवर नको. दोन्ही बाजूंनी पुढून मागे दोरी ताण, दोन्ही दोऱ्या एकमेकींना समांतर आणि गाडीच्या मधल्या रेषेपासून सारख्या अंतरावर. मग मागच्या चाकाच्या रिमची पुढची कड दोरीपासून किती, मागची कड किती, ते लिहून घे. फरक आला तर लगेच नाचू नकोस. चाक अर्धा फेरा फिरव आणि परत माप. फरक चाकाबरोबर फिरला तर रिम वाकडी. जागेवरच राहिला तर नळी वाकडी. नंतर गाडीच्या सांगाड्याच्या दोन बाजूंच्या भोकांतून ओळंबा सोड, जमिनीवर खडूने खुणा कर, आणि तिथून अ‍ॅक्सलपर्यंतचं अंतर डावं-उजवं ताडून बघ.

वाकडी निघाली तर स्प्रिंग जिथे टेकते त्या बैठकीच्या खालच्या अंगाला रंग खरवडून बघ. तिथे सापडेल जे सापडायचं ते.

भुसा बारीक चाळलेला होता की जाडाभरडा?

भंगाराच्या धंद्यात असली माणसं असायचीच. कोळसा उगाळावा तितका काळाच. तू खोलात जाऊ नकोस. चांगला अ‍ॅक्सल मागव, नीट बसव, बाईंना गाडी दे, विषय मिटव. नवऱ्याला टोचून बोलू नकोस. त्याचा स्वभाव तुला ठाऊक आहे. चूक दाखवली की तो चूक सोडून दाखवणाऱ्याचा हात धरतो. संसारात एकाने डोळा झाकावा लागतो. तुझ्या सासूने माझ्यासाठी तीस वर्षं झाकला.

जेवत जा. हाताला लिंबू चोळ, वास जाईल.

बाबा

११ मार्च

ती. बाबांना नमस्कार.

लिंबाने वास गेला नाही.

तुम्ही सांगितलंत तसंच मापलं. डाव्या चाकाच्या रिमला पुढून मागून सात मिलिमीटरचा फरक. चाक अर्धा फेरा फिरवलं, फरक जागेवरच. ओळंब्याने बघितलं तर अ‍ॅक्सलची डावी बाजू उजवीपेक्षा अकरा मिलिमीटर पुढे. या गाडीला दीडशेच्या वेगाने डोंगर चढायचाय.

मग बैठकीखाली खरवडलं. काळ्या रंगाखाली लोखंड निळं-जांभळं झालेलं, म्हणजे गॅसने लाल करून साखळीने ओढून सरळ केलंय. वरून तव्याएवढी पट्टी वेल्ड केलीय. वेल्ड कसली, उलटी केल्यासारखी थापलीय. आणि पट्टीच्या कडेला केसाएवढी चीर पडायला लागलीये.

इथपर्यंत मी पुरवठादाराला शिव्या देत होते. मग खरवडता खरवडता हँडब्रेकच्या केबलची कडी उघडी पडली. तिच्यात अंगठीएवढा पितळी बुश आहे. तो बुश गेल्या वर्षी मी स्वतः लेथवर केला आणि स्वतः ठोकला होता. म्हणजे नवा अ‍ॅक्सल कधी आलाच नव्हता, बाबा. हा बाईंचा स्वतःचाच वाकलेला अ‍ॅक्सल आहे. नव्याचे पैसे घेऊन त्यांना त्यांचाच जुना परत घातलाय.

हे चहा पीत होते. मी बुश काढून बशीत ठेवला.

“हा काय?”

“ओळखा.”

बघितला. चहा संपवला. मग म्हणाले, “नवा यायला दोन महिने लागणार होते. बाईंना घाई होती. चालतं गं. गाडी चालतेय ना?”

“चीर पडलीये.”

“पुन्हा वेल्ड मारू.”

“आणि भुसा?”

तर हसले, बाबा. खरंच हसले. “अगं, जुनी युक्ती आहे. बाबा हेच करायचे. चाळणीने चाळून घालायचे. हात त्यांचाच आहे हा.”

चोरी करावी ती करावी, वर तिच्यावर बापाचं नाव घालावं! ज्या माणसाने मला ‘दशांश चुकला तर माणूस चुकतो’ असं शिकवलं, त्याचं नाव. त्यांची ती स्वच्छ नखं, तो स्वच्छ शर्ट, ते हसू. मी मोरीत जाऊन ओकले. आता मला ‘हे’ असं लिहवतही नाही. ‘तुमचा मुलगा’ असंच लिहिते.

मी खरा, कंपनीचा, अख्खा नवा अ‍ॅक्सल मागवला आहे. दोन महिने कसले, आठवड्यात येईल. माझ्या सोन्याच्या बांगड्या त्यात गेल्या, त्याबद्दल काही बोलू नका. तुमच्याकडून फक्त एक हवंय. एका ओळीचं पत्र तुमच्या मुलाला लिहा: ‘मी असलं कधी केलं नाही.’ मी ते त्याच्या नाकासमोर धरणार आहे.

तुमची सून

१८ मार्च

ती. बाबांना नमस्कार.

ओळ आली नाही. वन्संना फोन केला तर म्हणाल्या, बाबा लिहितात आणि फाडतात, जेवणही धड नाही. तब्येत बरी नसेल तर नुसतं तेवढं कळवा.

अ‍ॅक्सल आला. खोक्यातून काढला तेव्हा त्याला फक्त गंजविरोधी तेलाचा वास होता. मला रडू आलं. लोखंड बघून रडणारी बाई तुम्ही पाहिली नसेल.

तुमचा मुलगा म्हणतो, गुपचूप बसवू आणि बाईंना सांगू की चाकांची रेषा बिघडली होती ती सरळ केली. “झाकली मूठ सव्वा लाखाची,” म्हणतो. गेले सात दिवस आम्ही एकमेकांशी फक्त पान्यांचे नंबर बोलतोय.

तुमची सून

१९ मार्च

चि. टर्नरबाई,

तू मागितलेली ओळ मी लिहू शकत नाही.

मुलगा खरं बोलला. मीच करायचो. वाकलेली नळी गॅसने लाल करायची, खांबाला साखळी बांधून ओढायची, ओलं पोतं टाकायचं, पट्टी मारायची, काळा रंग द्यायचा. भुसा सुताराकडून आणायचो आणि चहाच्या गाळणीने गाळायचो. म्हणून तुला मी चाळलेला होता का असं विचारलं. लिहून गेल्यावर वाटलं होतं, तू हुशार आहेस, तुला कळेल. पत्र पेटीत पडलं होतं, हात आत जात नव्हता. तुला कळलं नाही. तू माझ्यावर एवढा विश्वास टाकलास की तुला माझ्याच अक्षरात लिहिलेलं दिसलं नाही. तुझं दुसरं पत्र वाचून मला माझीच शिसारी आली.

अर्धं सांगून थांबलो तर ते पुन्हा रंग मारल्यासारखंच होईल. म्हणून पुढचं.

चौदा वर्षांपूर्वी एक फोटोग्राफर आपल्याकडे यायचा. तू तेव्हा आली नव्हतीस. लग्नांचे फोटो काढून पैसे साठवायचा आणि गाडी पळवायचा. त्याचा धाकटा भाऊ शेजारी बसून वळणं सांगायचा. त्यांच्या गाडीचा अ‍ॅक्सल वाकला, मी सरळ केला आणि ‘नवा’ म्हणून दिला. पाचव्या महिन्यात उतारावरच्या वळणात गाडी कठडा तोडून खाली गेली. भाऊ जागीच गेला. फोटोग्राफरचा पाय गुडघ्यापासून गेला.

गाडीचा सांगाडा आपल्याच वर्कशॉपात आला. नळी माझ्या पट्टीच्या कडेला तुटली होती. तुटलेल्या तोंडावर अर्ध्या भागात जुना गंज होता, म्हणजे चीर आधीपासून होती. मी दार लावून घेतलं, तेवढा तुकडा कापला आणि भंगारात दुसऱ्या गावी पाठवला. कुणी विचारलं नाही.

हॉस्पिटलात त्याला भेटायला गेलो. संत्री घेऊन गेलो होतो, सूनबाई. पिशवीत एक डझन संत्री. तो माझा हात धरून रडला. म्हणाला, “काका, तुम्ही गाडी इतकी चांगली केली होती. मीच वळणात उशिरा ब्रेक मारला. मी भावाला मारलं.” मी त्याला म्हणालो, “असं मनाला लावून घेऊ नको.” आणि त्याच्यासाठी संत्रं सोललं.

एवढं शेण खाल्लंय मी. भुसा घालणं बंद केलं ते त्यानंतर. मुलाला कारण सांगितलं नाही. ‘आता हे नको’ एवढंच म्हणालो. त्याला वाटलं, म्हातारा भित्रा झाला. त्याने भित्रेपणा घेतला नाही, युक्ती घेतली. दशांशाचं ते वाक्य मी तुला शिकवलं ते याच्याही नंतरचं. मला वाटायचं, तुला सरळ शिकवलं की माझं वाकडं सरळ होईल.

बाईंना खरं सांग. तुझ्या नवऱ्यासमोर सांग. हे पत्र त्याला वाचायला दे. तू मला उत्तर दिलं नाहीस तरी मला कळेल.

बाबा

२६ मार्च

बाबा,

नमस्कार लिहायचा होता, हात उठला नाही. खोटं का लिहू?

तुमचं पत्र मी लेथपाशी उभ्याने वाचलं. तुम्ही मला दिलेला मापाचा कॅलिपर खिशात होता. तो काढून ड्रॉवरमध्ये टाकला. माझ्या मनात सगळ्यात जास्त ती संत्री राहिली. तुम्ही साल काढून, शिरा काढून, एक एक फोड त्याला दिली असेल. तुम्ही फळ तसंच सोलता, मी पाहिलंय. मला तुमची किळस आली. दोन दिवस मी तुमच्याबद्दल विचारही करू शकले नाही. करायला गेले की तो तेलाचा वास यायचा.

मग पत्र तुमच्या मुलाला दिलं. तो फळीवर बसून वाचत होता, उभा राहिला, पुन्हा बसला. त्याला तो फोटोग्राफर आठवत होता. म्हणाला, “मी त्या वेल्डला पॉलिश मारली होती.” एवढंच. मग गॅस पेटवला आणि बाईंचा जुना अ‍ॅक्सल ओढायला लागला. मी विचारलं, काय करता? म्हणाला, “याचे तुकडे करतो. संपवतो.”

मी गॅसचा कॉक बंद केला. “तुमच्या वडिलांनी हेच केलं होतं,” म्हटलं. “हा कापायचा नाही. हा बाईंना दाखवायचाय.”

त्याने माझ्याकडे असं बघितलं की आता मारतो की काय. मग नळी खाली ठेवली.

शनिवारी बाईंना बोलावलं. दवाखान्यातून थेट आल्या, अंगात पांढरा कोट. जुना अ‍ॅक्सल टेबलावर ठेवला होता, शेजारी ट्रेमध्ये तो भुशाचा चिखल. मी तुमच्या मुलाला म्हटलं, “सांगा.” त्याने तोंड उघडलं आणि मिटलं. पुन्हा उघडलं. म्हणाला, “मॅडम, नवा बसवलाच नव्हता. तुमचाच सरळ करून घातला होता.”

बाईंनी भिंग मागितलं. चीर बघितली. ट्रेचा वास घेतला आणि रुमाल नाकाला लावला. म्हणाल्या, “माझ्याकडे असे लोक येतात. कुणीतरी किडलेल्या दातावर चकचकीत टोपी बसवून दिलेली असते. टोपी काढली की हाच वास येतो. पण त्यात निदान माणसाचा एक दातच जातो हो.” मग थेट त्याच्याकडे वळून, “गाडी इथे आणली त्याच्या आदल्याच रविवारी माझी मुलगी शेजारी बसली होती.”

बाईंनी त्याच्यावर आवाज चढवला असता तर बरं झालं असतं. त्या नुसत्या हात धुवायला गेल्या आणि बराच वेळ धूत राहिल्या. परत येऊन मला म्हणाल्या, “नवा तुम्ही बसवा. माझ्यासमोर. या माणसाचा हात माझ्या गाडीला लागता कामा नये.”

मग स्टुलावर बसल्या आणि संध्याकाळपर्यंत उठल्या नाहीत. तुमचा मुलगा बाहेर, दाराच्या उंबऱ्यापाशी उभा होता. मी एकटीने केलं. अ‍ॅक्सल ट्रॉली-जॅकवर तोलून खाली सरकवला, त्याला गाडीशी धरणारे खालचे दोन दांडे लावले, वरचे दोन, मग आडवा. स्प्रिंगा बसवल्या. बोल्ट नुसते हाताने घट्ट. बाईंनी विचारलं, “पक्के का करत नाही?” मी सांगितलं, चाकं लोंबत असताना पक्के केले तर दांड्यांतली रबरं पिळलेल्या अवस्थेत अडकतात आणि महिन्यात फाटतात. आधी गाडीचं वजन चाकांवर येऊ द्यायचं. त्यांनी मान हलवली. बहुधा त्या दिवशी त्यांना पटलेली ती पहिली गोष्ट.

गाडी जमिनीवर घेतली. दोऱ्या ताणल्या. दुसरं टोक धरायला माणूस हवा होता. तुमचा मुलगा उंबऱ्यावरून एक पाऊल आत आला. बाईंनी त्याच्याकडे न बघता कोटाच्या बाह्या वर केल्या आणि जमिनीवर मांडी घालून स्वतः टोक धरलं. मी आडव्या दांड्याने अ‍ॅक्सल मध्यावर आणला, खालच्या दांड्यांनी डावं-उजवं जुळवलं. चार वेळा गाडी ढकलून मागेपुढे केली, चार वेळा नव्याने मापलं. शेवटी दोन्ही बाजूंना अर्ध्या मिलिमीटरच्या आत आलं. मग वजनावर बोल्ट पक्के केले, नवं तेल भरलं, गाडी रस्त्यावर नेऊन आणली. रेषेसारखी चालते.

बाई जुना अ‍ॅक्सल टेम्पोत घालून घेऊन गेल्या. म्हणाल्या, शर्यतीच्या तपासनीसांपुढे ठेवणार, सगळ्यांना कळलं पाहिजे. ठेवू देत. वस्तू त्यांची आहे. तक्रारही करणार आहेत. बातमी फुटलीच आहे, सोमवारपासून तीन गिऱ्हाइकांनी गाड्या परत नेल्या.

कालपासून आम्ही गेल्या पाच वर्षांच्या पावत्या काढून बसलोय. तुमच्या मुलाने आणखी दोन गाड्यांना हेच केलंय. एकाला फोन केला, त्याने गाडी जागेवरच उभी केली. दुसरा फोन उचलत नाही, उद्या मुलगा स्वतः जाणार आहे. मी त्याला एवढंच म्हटलं की मी सध्या इथे टर्नर म्हणून राहतेय, बायको म्हणून नाही. तो म्हणाला, ठीक आहे. पुढचं मला माहीत नाही.

आणि बाबा, त्याने निदान तोंड उघडलं. तुमच्या फोटोग्राफरला अजून वाटतंय की त्याने भावाला मारलं. चौदा वर्षं. तो जिवंत आहे ना?

टर्नर

४ एप्रिल

चि. टर्नरबाई,

जिवंत आहे. दर वर्षअखेरीला त्याचं शुभेच्छापत्र येतं, त्याने स्वतः काढलेल्या फोटोचं. मी ती वाचत नव्हतो. पत्ता मात्र त्यांवरच होता.

काल गेलो. तुझ्या नणंदेला म्हटलं, डोळे तपासायला जातो. मग दारातून परत फिरलो आणि तिला खरं सांगितलं, सगळं. ती बसस्टॉपपर्यंत आली, पण नेहमीसारखा माझा हात धरला नाही.

तीन तासांचा रस्ता. तिसऱ्या मजल्यावर घर. कुबडीचा आवाज आला आणि दार उघडलं. मला बघून त्याचा चेहरा असा फुलला की मी तिथूनच पळालो असतो. “काका! या, या. किती वर्षांनी!” भिंतीवर धाकट्याचा मोठा फोटो. त्याने चहा टाकला. मी म्हटलं, “चहा नको. आधी ऐकून घे.”

सांगितलं. गॅस, साखळी, पट्टी, गंज, कापलेला तुकडा. मध्ये थांबलो असतो तर पुढे बोलू शकलो नसतो, म्हणून थांबलो नाही. चहा उतू गेला, कुणी उठलं नाही.

संपल्यावर त्याने भिंतीवरच्या फोटोकडे बघितलं. मग विचारलं, “ब्रेक?”

“तू वेळेवर मारला होतास. चाकच निखळलं होतं.”

“नक्की?”

“तुटलेलं तोंड मी हातात धरून पाहिलंय.”

मला वाटलं, मारेल. मारावं असं वाटत होतं. त्याने फोन घेतला. नंबर दोनदा चुकला. म्हणाला, “अगं, घरी ये. आत्ता. नाही, मी बरा आहे. ये.” धाकट्याची बायको, दोन गल्ल्या पलीकडे राहते. तो मला नंतर म्हणाला, ती चौदा वर्षांत त्याच्याशी गरजेपुरतंच बोलली आहे आणि त्यालाही ते बरोबर वाटायचं.

मी उठलो. त्याने कुबडी आडवी धरली. “बसा. हे मी तिला सांगणार नाही. तुम्ही सांगायचं.”

पंधरा मिनिटं आम्ही दोघं त्या फोटोखाली बसलो होतो. तिने आल्यावर उभ्यानेच ऐकलं. केस पांढरे झालेत तिचे, वय चाळीसही नसेल. माझं बोलून झालं तशी तिने विचारलं, “तेव्हा का नाही सांगितलंत?”

मी म्हटलं, “वर्कशॉप चालवायचं होतं.”

दुसरं उत्तर नव्हतं. शोधलं होतं, सूनबाई, बसमध्ये तीन तास शोधलं होतं.

तिने तोंड फिरवलं. म्हणाली, “तुमच्याकडे बघवत नाही मला.” मग हळूच त्या मोठ्या दिराजवळ गेली, जमिनीवर बसली आणि त्याच्या तुटक्या गुडघ्यावर कपाळ टेकलं. तो रडायला लागला, मोठ्याने, तोंड उघडं टाकून. तिथे मला जागा नव्हती. मी दाराकडे निघालो.

ती मान वर न करता म्हणाली, “जाऊ नका. उद्या आपण तिघं वकिलाकडे जातोय. आणि आता पुन्हा सांगा. पहिल्यापासून, सावकाश. मी लिहून घेते.”

तिने वही आणली. मी सांगायला सुरुवात केली.

बाबा